मॅडम, हे घरी कळणार का?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

कोणी लोकलमध्ये असेल, कोणी एसटीत, कोणी अभ्यासाचं पुस्तक समोर उघडं ठेवून कानात इअरफोन घातले असतील.

परीक्षेच्या ताणावरचा एपिसोड झाल्यावर बरेच मेसेज आले होते. त्यातला एक दहावीतल्या मुलीचा होता. नाव नाही, गाव नाही, फक्त एक ओळ. "दादा, शाळेतल्या कौन्सेलर मॅडमना काही सांगितलं तर ते घरी कळतं का?"

मी तिला लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. कारण खरं उत्तर 'हो' पण नाही आणि 'नाही' पण नाही. ते उत्तर नीट द्यायचं म्हणून आजचा हा अख्खा एपिसोड.

आधीच सांगतो, मी कौन्सेलर नाही आणि वकीलही नाही. बी.टेक. केलेला साधा सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काही काळ होतो आणि तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर आला. 'कोणती माहिती कोणाला दिसणार?' त्याबद्दल पुढे बोलू.

कौन्सेलरची खोली म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे 'कौन्सेलरकडे पाठवलं' हे वाक्य 'हेडसरांकडे पाठवलं' याच सुरात बोललं जातं. वर्ग चालू आहे, शिपाईकाका चिठ्ठी घेऊन येतात, बाई चिठ्ठी मोठ्याने वाचतात, एक मुलगा उठतो आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो. झालं. आत काय बोलणं होईल ते होईल, पण त्याला काहीतरी 'झालंय' हे चाळीस जणांना कळलेलं असतं.

खरं तर समुपदेशन म्हणजे शिक्षाही नाही आणि उपदेशही नाही. कौन्सेलरचं काम ऐकून घेणं, गुंता मोकळा करायला मदत करणं, आणि गरज असेल तर पुढे डॉक्टरकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवणं. अभ्यासात लक्ष लागत नाही, घरी रोज भांडणं होतात, कोणी चिडवतं, झोप येत नाही, जगावंसंच वाटत नाही. यातलं काहीही तिथे चालतं. 'इतकं छोटं कारण घेऊन कसं जाऊ' असं वाटत असेल तरी जा.

आता अडचण कुठे आहे ते बघा. मूल बोललं तरच ही मदत मिळणार. आणि मूल कधी बोलतं? आपला शब्द पुढे कुठे जाणार हे माहीत असेल तेव्हा. म्हणजे गुप्तता ही नंतर दिलेली सवलत नाही. ती आधी ठरलेली नसेल तर तोंडच उघडत नाही. मूल खोलीत जातं, 'काही नाही मॅडम, डोकं दुखतंय' म्हणतं आणि परत येतं. रजिस्टरवर एक भेट नोंदली जाते. मदत शून्य.

काय बाहेर जातं आणि काय जात नाही

चांगला कौन्सेलर पहिल्याच भेटीत, तुम्ही काही सांगायच्या आधी, साधारण असं सांगतो: "तू इथे जे बोलशील ते माझ्याकडे राहील. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या मला पुढे सांगाव्याच लागतील. त्या कोणत्या, ते आधी ऐक."

'मी कोणालाच सांगणार नाही, शपथ' असं म्हणणारा माणूस प्रेमळ असेल, पण तो पाळता न येणारा शब्द देतोय. कारण काही ठिकाणी गप्प बसणं शक्यच नसतं.

पहिलं, तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल तर. मरावंसं वाटतंय, स्वतःला इजा करतोय, असं सांगितलं तर कौन्सेलर घरच्यांना किंवा डॉक्टरांना सोबत घेणारच. ते विश्वास तोडणं नाही. तुम्हाला एकटं न सोडणं आहे.

दुसरं, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर.

तिसरं, लैंगिक अत्याचार. इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, १८ वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे हे कळलेल्या व्यक्तीने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षक असो, कौन्सेलर असो, मुख्याध्यापक असो. 'शाळेचं नाव खराब होईल, आतल्या आत मिटवू' हा पर्यायच कायद्याने ठेवलेला नाही.

आणि चौथं, कोर्टाने माहिती मागितली तर.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथे गोष्ट अवघड होते. समजा एक १७ वर्षांची मुलगी कौन्सेलरकडे येते. तिचं १९ वर्षांच्या मुलावर प्रेम आहे, शरीरसंबंध आलेले आहेत, आता तिला भीती वाटतेय. तिच्या दृष्टीने तिने विश्वासाने मन मोकळं केलं. पण पॉक्सोमध्ये १८ च्या आतल्या व्यक्तीची संमती धरली जात नाही. म्हणजे तिने ते वाक्य उच्चारलं, त्या क्षणी समोरच्या बाईंवर कळवण्याची जबाबदारी आली. कायदा असा असावा का, यावर आपल्या देशात कोर्टांपासून घराघरांपर्यंत वाद चालू आहेत. तो वाद आज आपण सोडवणार नाही. पण या मुलीला ही मर्यादा बोलायच्या आधी माहीत असायला हवी होती की नाही? मला वाटतं, हवीच होती. तिने मदत मागू नये म्हणून नाही. आपण बोललो तर पुढे काय होईल हे समजून, ठरवून तिने बोलावं म्हणून.

आता या चार गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं? गणितात नापास झालो, बाबा दारू पितात, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं, मला मुलांबद्दल की मुलींबद्दल आकर्षण वाटतं कळत नाही, सायन्स नको आर्ट्स हवं. हे सगळं खोलीतच राहायला हवं. वर्गशिक्षकांना नाही, पीटीच्या सरांना नाही, आणि हो, तुमच्या परवानगीशिवाय घरीही नाही.

आणि आईबाबा?

इथे आपले काही श्रोते, जे स्वतः आईबाबा किंवा मोठे ताई-दादा आहेत, ते म्हणतील, "आमच्याच मुलाचं आम्हालाच कळू नये? हा कुठला न्याय?"

त्यांचं म्हणणं चूक नाही. १८ च्या आत मूल कायद्याने अज्ञान असतं. उपचार सुरू करायचे तर पालकांची संमती लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिलेला आहे, पण अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकच त्याचे प्रतिनिधी धरले जातात. शिवाय हा कायदा डॉक्टर, दवाखाने, उपचार यांच्याभोवती लिहिलेला आहे. शाळेतल्या कौन्सेलरच्या खोलीत काय व्हावं, हे त्यात कलमवार लिहिलेलं नाही. त्यामुळे ती जागा बरीचशी शाळेच्या धोरणावर आणि कौन्सेलरच्या विवेकावर चालते.

मग चांगले कौन्सेलर काय करतात? ते पालकांना दिशा सांगतात, संवाद सांगत नाहीत. म्हणजे, "तिला सध्या घरी थोडी शांतता हवी आहे, मार्कांवरून तुलना थांबवा" एवढं सांगतात. "ती म्हणाली की बाबा आईवर ओरडतात तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन बसते" हे सांगत नाहीत. आणि काही सांगायची वेळ आलीच, तर आधी मुलाला सांगतात: "मला तुझ्या आईशी बोलायला लागेल. तू सोबत बसशील का? सुरुवात तू करतेस की मी करू?" घरी कळलं ते कळलंच, पण मुलाच्या पाठीमागून नाही. यात फरक फार मोठा आहे.

आईबाबांना एवढंच म्हणेन. मूल तुमच्याशी न बोलता कौन्सेलरशी बोलतंय म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. ते निदान कोणाशी तरी बोलतंय. तो दरवाजा 'काय म्हणाली सांगा ना' करत ढकलू नका.

माहिती गळते कुठून?

आता माझ्या कामाचा भाग. मी ज्या टीममध्ये होतो ती शाळांसाठी हजेरी, फी, निकाल वगैरे सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवायची. एका शाळेसोबतच्या मीटिंगमध्ये मागणी आली की विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमध्ये 'समुपदेशन' नावाचा एक टॅब हवा. कौन्सेलरने तिथे नोंदी लिहायच्या आणि त्या सगळ्या शिक्षकांना दिसायच्या. कारण? पालकसभेच्या वेळी उपयोगी पडतं.

हेतू वाईट नव्हता हे मी मान्य करतो. शिक्षकांना मुलाला समजून घ्यायचं होतं. पण मी आमच्या कामात नेहमी विचारतो तेच विचारलं: हे कोण वाचू शकणार? वर्गशिक्षक. विषय शिक्षक. ऑफिसमधले क्लार्क, कारण प्रोफाइल तेच अपडेट करतात. वर्ष बदललं की नवीन वर्गशिक्षक. आम्ही फळ्यावर आकडा मांडला तेव्हा एका मुलाची नोंद वाचू शकणारे अठरा लोक निघाले.

त्या शाळेच्या कौन्सेलर मॅडम पन्नाशीच्या होत्या. तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "करा टॅब. मी त्यात रोज एकच वाक्य लिहीन, 'मूल ठीक आहे.' आणि मुलांना या टॅबचं कळलं की मला तेही लिहायला लागणार नाही, कारण कोणी येणारच नाही."

खोलीत शांतता पसरली. मग पुन्हा चर्चा झाली आणि ठरलं ते असं: सॉफ्टवेअरमध्ये फक्त भेटीची तारीख आणि वेळ, तीही फक्त कौन्सेलर आणि मुख्याध्यापकांना. बोलण्याच्या नोंदी मॅडमच्या वहीत, वही कुलपात, किल्ली त्यांच्याकडे. मी इंजिनियर आहे, पण काही गोष्टी डेटाबेसमध्ये न टाकणं हेच चांगलं डिझाइन असतं, हे मी तिथे पाहिलं.

त्याच मीटिंगमध्ये आणखी एक मागणी होती. 'नावं काढून टाका, पण महिन्याचा रिपोर्ट द्या.' ऐकायला ठीक वाटतं ना? आता रिपोर्ट वाचा: नववी ब, मुली, विषय 'पालकांचा घटस्फोट', संख्या १. नाव कुठेच नाही. पण नववी ब मध्ये ती कोण, हे शिपाईकाकांपासून सगळ्यांना माहीत असणार. नाव पुसलं म्हणजे माणूस लपतो असं नाही. म्हणून रिपोर्ट द्यायचाच तर पूर्ण शाळेचा, मोठ्या गटांचा आणि एक-दोन अशा छोट्या संख्या न दाखवता.

पण खरं सांगू का, गळती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधून होत नाही. स्टाफरूममधल्या चहासोबत होते. 'अगं त्या मुलाचं कळलं का?' शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जरा लक्ष ठेवा' म्हणून नावासकट मेसेज जातो. कौन्सेलरची खोली म्हणजे लायब्ररीचा एक कोपरा असतो, मधे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडे आठवीचा वर्ग वाचन करतोय. किंवा वही टेबलावर उघडी. यातल्या एकाही गोष्टीला मोठं बजेट लागत नाही. दार बंद होणारी खोली, चिठ्ठीऐवजी ठरलेला तास आणि 'हे ग्रुपवर टाकायचं नाही' एवढा नियम. बस.

नियम काय म्हणतो

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात कोर्टाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि याबाबत कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठेवल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित कौन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. टेली मानससह हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लावायचे. मार्कांवरून बॅच पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. लैंगिक छळ, रॅगिंग यांच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था हवी.

आता आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभरच्या खाली असतो. दोन शिक्षकी शाळेत कौन्सेलर कुठून येणार? तिथे ही 'बाहेरची जोडणी'च कामाची. सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयोगटासाठी केंद्रं आहेत, महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आशाताईंना विचारलं तरी चालेल.

आणि फोन तर आहेच. टेली मानस, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. फोन आईचा असेल तर कॉल लिस्टमध्ये नंबर दिसतो, हे लक्षात असू द्या. विश्वासातल्या शिक्षिकेच्या किंवा मावशीच्या फोनवरून केला तरी चालतो.

एक सावधगिरी. इन्स्टाग्रामवर शाळेच्या नावाने 'कन्फेशन पेज' असतात. नाव न देता मन मोकळं करा म्हणतात. ते पेज चालवणारा मुलगा तुमच्याच शाळेत असतो, तुम्ही पाठवलेला मेसेज कोणत्या अकाउंटवरून आला हे त्याला दिसू शकतं, आणि स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो. तिथे कोणाचीच जबाबदारी नाही.

तर मग विचारायचं काय?

कौन्सेलरसमोर बसलात की पहिली पाच मिनिटं तुमची. असं सरळ विचारा:

"मॅडम, सांगायच्या आधी एक विचारू? मी बोलेन ते कोणाला कळेल?"

"कोणत्या गोष्टी तुम्हाला सांगाव्याच लागतात?"

"तुम्ही लिहून ठेवता का? ती वही कोण बघतं?"

"घरी सांगायची वेळ आली तर आधी मला सांगाल ना?"

यात उद्धटपणा नाही. दवाखान्यात 'इंजेक्शन दुखेल का' विचारतो तितकंच साधं आहे. उत्तर नीट मिळालं तर बोला. 'तू आधी सांग तर, मग बघू' असं उत्तर आलं तर थोडंसंच सांगा आणि दुसरा माणूस शोधा. पण शोधणं थांबवू नका.

आणि शेवटचं, हे तुमच्या मित्रांसाठी. उद्या एखादी मैत्रीण म्हणाली, "तुला सांगते, पण शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस," आणि ती मरण्याबद्दल बोलली, किंवा घरातलं कोणी तिला हात लावतं असं म्हणाली, तर ती शपथ पाळू नका. तिला तिथेच सांगा, "हे मी एकटी सांभाळू शकत नाही. आपण दोघी मिळून बाईंकडे जाऊ." तिला एकटीला सोडू नका. ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चिडू दे. पॉक्सोमध्ये न कळवल्याबद्दलची शिक्षा १८ च्या आतल्या मुलांना लागू नाही, त्यामुळे पोलिसांची भीती बाळगू नका. पण मोठ्यांपर्यंत पोचवा. पहिल्या मोठ्या माणसाने 'काही नाही गं, वय आहे' म्हणून उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा.

तर दहावीतल्या त्या ताईसाठी माझं उत्तर: बहुतेक गोष्टी घरी कळायला नकोत. काही गोष्टी कळतील, आणि कोणत्या ते तुला आधी विचारता येतं. तेवढं विचार आणि जा.

आज एवढंच. तुमच्या शाळेत नंबर लावलेत का, कौन्सेलरच्या खोलीला दार आहे का, हे बघून मला कळवा. कोणाचं नाव लिहू नका, शाळेचंही नाही. काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.